दाढदुखीचे रसिक

गाणं ऐकायला माणसं मिळत नाहीत, ही तक्रार मोठमोठे गवई करत आले आहेत. दातांच्या डॉक्टरांवर ती वेळ कधी आली नाही. सकाळी दवाखान्याचं दार उघडायच्या आधीच पायरीवर चार-पाच माणसं गालाला हात लावून बसलेली असायची, आणि त्यांतल्या एकालाही उठून जायची सोय नव्हती. ज्याची दाढ ठणकते आहे त्याला काहीही ऐकवा, तो ऐकतो. डॉक्टरांनी हे हेरलं होतं आणि त्याचा पुरेपूर फायदा उठवला होता.

दवाखाना तळमजल्यावर, बिऱ्हाड वरच्या मजल्यावर. दात कोरून पोट भरत नाही म्हणतात, पण डॉक्टरांच्या वडिलांनी दुसऱ्यांचे दात कोरून हे दुमजली घर बांधलं होतं. मुलाने तरुणपणी गाण्याचं नाव काढलं तेव्हा त्यांनी त्याला रस्त्यावर नेऊन घराकडे बोट दाखवलं आणि गळ्यावर असं घर कोणी बांधलेलं बघितलं आहेस का, असं विचारलं. मुलगा मुकाट्याने दातांच्या कॉलेजात गेला. त्या दिवशी जग एका थोर गायकाला मुकलं, अशी डॉक्टरांची ठाम समजूत होती, आणि इंजेक्शन दिल्यापासून भूल चढेपर्यंतच्या वेळात ते ती प्रत्येक पेशंटला ऐकवायचे. पेशंट हं हं म्हणायचा. ओठ बधिर झालेला माणूस दुसरं काय म्हणणार?

स्वतः गायक होता आलं नाही म्हणून त्यांनी गाण्यांचा साठा केला. वरच्या मजल्यावर कपाटात कॉम्प्युटरसारखा गाणी साठवणारा एक काळा डबा होता, पुस्तकाएवढा. जुन्या कॅसेटी, तबकड्या, सीड्या, जे जे मिळालं ते सगळं त्यांनी कैक वर्षं रविवारी बसून त्या डब्यात उतरवलं. तोंडातल्या प्रत्येक दाताला नंबर असतो, तसा प्रत्येक गाण्याला नंबर. गायक कोण, संगीत कोणाचं, साल कुठलं, कव्हरवरचं चित्र कुठलं, सगळं जिथल्या तिथे. एखाद्या गाण्याचं साल सापडलं नाही तर त्या दिवशी त्यांना जेवण जात नसे. गाणं मात्र पुरतं ऐकलं जायचंच असं नाही. अर्ध्यावर त्यांना आठवायचं की पुढच्या गाण्याच्या चित्राचा कोपरा कापला गेला आहे, आणि ते उठायचे.

एवढा साठा करून तो ऐकवायचा कोणाला, हा प्रश्न होता. घरात दोघंच. बायकोला म्हणावं तर ती दिवसभर खाली काउंटरवर, पेशंटचे नंबर देत, फोन घेत. मग डॉक्टरांनी साठाच खाली न्यायचं ठरवलं. वेटिंग रूममध्ये काउंटरच्या शेजारच्या फळीवर गाणी वाजवणारा एक भलामोठा रिसीव्हर आला, आणि दोन्ही कोपऱ्यांत छातीएवढे उंच स्पीकर. नवे पेशंट त्यांना एक्स-रेचं मशीन समजून लांब बसायचे. हे स्पीकर गाण्यातलं काहीही लपवत नाहीत, असं डॉक्टर येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायचे. माशांची टाकी होती, ती बुडबुड करते म्हणून काढून टाकली. पंखा घरघरतो म्हणून मंद केला. दाढदुखीत माणूस तसाही घामाघूम झालेला असतो, त्यामुळे ते कोणाला वेगळं जाणवलं नाही. खुर्च्याही भिंतीपासून ओढून स्पीकरकडे तोंड करून मांडल्या.

वरच्या डब्यातून खालच्या रिसीव्हरपर्यंत गाणी आणायचं काम मेहुण्याने केलं. मेहुणा वायरिंगची कामं घ्यायचा आणि भाऊजींच्या छंदाबद्दल काही बोलायचा नाही, कारण त्याच्या दोन दाढा अजून बसवायच्या होत्या. आधी त्याने बिनतारेचा खटाटोप केला. पण मधे एक्स-रेची खोली, तिच्या भिंतीत शिशाचा पत्रा. गाणं तिथे येऊन अडायचं आणि खाली पोचेपर्यंत त्याला उचकी लागायची. शेवटी मेहुण्याने जिन्याच्या कठड्याला बांधून एक निळी वायर खाली सोडली आणि गाणी नळाच्या पाण्यासारखी वाहायला लागली. डॉक्टरांनी आतल्या खोलीत बसून फोनवर गाणं निवडायचं, ते 'तळमजला' असं नाव दिलेल्या रिसीव्हरकडे पाठवायचं, की बाहेर वाजायला लागायचं. फोनवर एक हिरवी रेघ पुढे पुढे सरकायची. ती सरकते आहे म्हणजे बाहेर गाणं चालू आहे. डॉक्टरांचा त्या रेघेवर एक्स-रेपेक्षा जास्त विश्वास होता.

असं सकाळपासून दवाखाना बंद होईपर्यंत अखंड चालायचं. कोणी आवाज कमी करा म्हटलं की डॉक्टर त्याला समजावून सांगायचे की हे संगीत अजिबात दाबलेलं नाही, इतरत्र ऐकता ते सगळं जागा वाचवायला दाबलेलं असतं. पेशंटच्या हिरडीतलं गळू दाबलेलं असायचं, त्यामुळे तो वाद घालत नसे.

इथपर्यंत सगळं ठीक होतं. छंद कोणाला नसतो? पण डॉक्टर स्वतःही गायचे, आणि घोळ तिथून सुरू झाला.

आतल्या खोलीत कोपऱ्यात कॉम्प्रेसर होता. दात कोरायच्या यंत्राला हवा पुरवायचा आणि दिवसभर एका सुरात घुमायचा. वीस-पंचवीस वर्षं डॉक्टरांनी त्यालाच आपला तानपुरा मानलं. तोंडाला मास्क, हातात यंत्र, मागे कॉम्प्रेसरचा सा, आणि मास्कच्या आत डॉक्टरांचं गाणं. खुर्चीतला माणूस तोंड उघडून आडवा पडलेला. तोंड दाबून बुक्क्यांचा मार ऐकला होता, इथे तोंड उघडून होता. पेशंट मधेच आ करून कण्हला की डॉक्टरांना वाटायचं, याला सूर कळला.

एका हिवाळ्यात त्यांनी मनावर घेतलं. वरच्या मजल्यावर कवळ्यांचे साचे ठेवायची खोली होती. तिथे प्लास्टरच्या जबड्यांच्या रांगांपुढे उभं राहून, कानाला हेडफोन लावून, विकत मिळणाऱ्या नुसत्या वाद्यांच्या साथीवर त्यांनी एक गाणं गायलं आणि रेकॉर्ड केलं. एकाच गाण्यासाठी कितीतरी रविवार गेले. मग ते साठ्यात घातलं, त्याला नंबर दिला, साल दिलं, चित्र म्हणून सूर्यास्त लावला. गायकाच्या नावापाशी आल्यावर ते बराच वेळ थांबले आणि त्यांनी 'अज्ञात गायक' असं लिहिलं.

त्यामागे त्यांचा मोठा विचार होता. स्वतःचं नाव लावलं तर लोक तोंडदेखलं चांगलंच म्हणणार. नाव लपवलं तर जो निकाल लागेल तो खरा. आपला गळा खरंच गळा आहे की वडील म्हणाले तेच बरोबर होतं, हे त्यांना मरायच्या आधी एकदा कळायला हवं होतं. हसण्यावारी न्यावी अशी ही गोष्ट नव्हती. साठीला टेकलेला माणूस रात्री उशाशी घेऊन झोपतो अशांपैकी ती होती.

पहिल्या दिवशी त्यांनी ते गाणं सकाळच्या गर्दीत तळमजल्याकडे पाठवलं आणि आत कान टवकारून बसले. गाणं संपलं. पेशंट आत आला, बसला, डावीकडची दुखते म्हणाला. गाण्याबद्दल चकार शब्द नाही. दुसरा आला, त्याचंही तेच. डॉक्टरांनी विचारून बघितलं, बाहेर बसून कंटाळा नाही ना आला? नाही, डास होते जरा, असं उत्तर मिळालं. दुपारपर्यंत डॉक्टरांचं तोंड एवढंसं झालं होतं. माणसाचं तोंड उतरलं की हात जड होतो, आणि दातांच्या डॉक्टरचा हात जड होणं ही साधी गोष्ट नाही. त्या दुपारी एका बाईंची अक्कलदाढ काढताना त्यांनी अशी काही ओढाताण केली की तिची किंकाळी रस्त्यापलीकडच्या लॉन्ड्रीत ऐकू गेली. लॉन्ड्रीवाला इस्त्री हातात घेऊन बाहेर आला होता.

दुसऱ्या दिवशीही त्यांनी गाणं लावलं. आणि काय आश्चर्य, कोपऱ्यावरचा शिंपी खुर्चीत बसल्या बसल्या म्हणाला, "डॉक्टर, मघाशी वाजलं ते कोण गातंय हो? आवाजाला आतून अस्तर लावल्यासारखं वाटतं."

डॉक्टरांनी हातातला आरसा उगाचच पुसला. कोणी असेल अज्ञात, असं ते कसंबसं म्हणाले. शिंप्याचा दात त्यांनी इतक्या अलगद काढला की त्याला कळलंच नाही. त्यानंतर बँकेतल्या कॅशियरबाई म्हणाल्या की आवाज काळजातून येतो. टपाल वाटणारा म्हणाला की काळजातून येतो. गणिताचे मास्तर दर महिन्याला येणारे, कारण त्यांचे दात बेरजेत कमी आणि वजाबाकीत जास्त होते. ते म्हणाले की गाण्यात एकही मात्रा इकडची तिकडे होत नाही. बहुतेक जण काळजाचंच बोलायचे. इतक्या वेगवेगळ्या माणसांना एकच शब्द सुचावा, यावरून डॉक्टरांची खात्रीच पटली. दाद नेहमी दाढ काढायच्या आधी यायची, नंतर कधीच नाही, हे त्यांच्या लक्षात आलं नाही. नंतर तोंडात कापूस असतो, हे त्यांना ठाऊक होतं.

डॉक्टरांच्या अंगावर मूठभर मांस चढलं. त्यांनी दुसरं गाणं रेकॉर्ड केलं, मग तिसरं. अज्ञात गायकाचा स्वतंत्र कप्पा झाला, दिवसातून तीनदा-चारदा तो वाजायला लागला. आणि वर्ष होत आलं तेव्हा एके सकाळी चहा पिता पिता त्यांनी बायकोला सांगून टाकलं. बाजारापलीकडचा हॉल ठरवून आलो आहे. अज्ञात गायक कोण हे तिथे जाहीर होईल. आणि दवाखाना पुढच्या महिन्यापासून एक तरुण डॉक्टर चालवायला घेतो आहे, खुर्ची आणि कॉम्प्रेसर सगळ्यासकट. आता उरलेलं आयुष्य फक्त गाणं.

बायकोच्या हातातला कप तिथेच राहिला. लग्न होऊन या घरात आल्यापासून ती काउंटरवर बसत होती. गावातल्या अर्ध्या लोकांच्या तोंडात काय काय आहे हे तिला पाठ होतं.

"मग मी काय करायचं?" तिने विचारलं.

"तू पहिल्या रांगेत बस," डॉक्टर म्हणाले.

तिने आडून आडून सांगून बघितलं. एवढी घाई कशाला, आधी घरातल्या घरात चार ओळखीच्या माणसांपुढे गाऊन बघा. डॉक्टर हसले. ओळखीच्यांचं कौतुक काय कामाचं, ते म्हणाले. ही परकी माणसं आहेत, त्यांना खोटं बोलून काय मिळणार? बायकोने तोंड उघडलं आणि मिटलं. उघडलं होतं तेव्हाच बोलली असती तर पुढचं टळलं असतं, पण ती खाली दवाखाना उघडायला गेली.

त्यानंतर चार दिवसांनी कॉम्प्रेसर बंद पडला. मिस्त्री तो रिक्षात घालून दुरुस्तीला घेऊन गेला. कोरायची कामं डॉक्टरांनी पुढे ढकलली, नुसत्या दाढा काढायच्या ठेवल्या, कारण दाढ काढायला हवा लागत नाही, हात लागतो. त्या खोलीत इतक्या वर्षांत पहिल्यांदा शांतता होती. डॉक्टरांना वाटलं, बरं झालं, आज दाराआडून आपलं गाणं ऐकू येईल. त्यांनी फोनवर अज्ञात गायक निवडला, तळमजल्याकडे पाठवला आणि दाराला कान लावला.

काही ऐकू येईना. फोनवर हिरवी रेघ सरकत होती. पहिलं कडवं झालं असेल. डॉक्टरांनी दार बोटभर उघडलं. बाहेर शिंपी, कॅशियरबाई, टपाल वाटणारा, सगळी माणसं रांगेने बसली होती, डोळे मिटून, डोकं मागे टेकून. चेहऱ्यावर असं समाधान की एखाद्या मैफलीत शोभावं. फक्त मैफल नव्हती. रिसीव्हरच्या छोट्या खिडकीत अज्ञात गायक ही अक्षरं सरकत होती, पण स्पीकरच्या बटणाचा दिवा विझलेला होता. शेजारी बायको मान खाली घालून सुया मोजत होती.

डॉक्टरांच्या मनात पहिल्यांदा मेहुणाच आला. वायर सैल झाली असणार, दुसरं काय. वायरीचं नंतर बघू म्हणून त्यांनी दार लावलं आणि पुढचा नंबर पुकारला. आले गणिताचे मास्तर. खुर्चीत बसले, मान टेकली आणि सवयीने म्हणाले की आज तर त्या गायकाने कमालच केली, शेवटची तान तर काय विचारता.

डॉक्टरांनी सिरिंज भरता भरता विचारलं, "कुठल्या गाण्यात?"

"आत्ताच्या. आत्ता वाजलं ना ते."

"आत्ता काही वाजलं नाही, मास्तर."

डॉक्टर सिरिंज हातात धरून उभे राहिले. त्यांना धमकी द्यायची नव्हती, ती नुसती हातात होती. पण मास्तरांनी सुईकडे बघितलं, आणि आयुष्यात एकही पेपर फुटू न दिलेला तो माणूस तिथे फुटला.

गोष्ट साधी होती. सुरुवातीला वहिनी काउंटरवर नंबर देताना प्रत्येकाला हळूच सांगायच्या, आत गेलात की गाणं छान होतं एवढं म्हणा, हात हलका राहतो. म्हणायला काही सुचलं नाही तर काळजातून आलं म्हणा. अडला हरी गाढवाचे पाय धरी, तिथे दोन शब्दांचं काय? लोक म्हणायचे. हात हलका राहायचा. मग लोकच एकमेकांना सांगायला लागले, आणि वहिनींना सांगावंही लागेनासं झालं. गायक कोण हे पहिल्या आठवड्यातच सगळ्यांना ठाऊक झालं होतं.

"पण गाणं कसं वाटलं?" डॉक्टरांनी विचारलं. एवढं सगळं ऐकल्यावर त्यांनी हे विचारलं, यावरून माणसाची ओळख पटावी.

"ऐकलं कोणी?" मास्तर म्हणाले. "ते लागलं की वहिनी बटण दाबतात. आणि खरं सांगू का, सगळ्या गाण्यांत लोकांना तेच आवडतं. दिवसभर ते स्पीकर कोकलत असतात, तेवढीच पाच मिनिटं डोक्याला शांतता. त्याची वाट बघतात लोक." मग एकदम भानावर येऊन ते म्हणाले, "माझ्यावर राग काढू नका हो."

डॉक्टरांनी राग काढला नाही. इंजेक्शन दिलं, भूल चढायची वाट बघितली, आणि या वेळी जग ज्याला मुकलं त्या गायकाबद्दल अवाक्षर काढलं नाही. मग चिमटा लावला. मास्तरांनी खुर्चीचे हात घट्ट धरले. दाढ निघाली तेव्हा ते अजून डोळे मिटून वाट बघत होते. डॉक्टरांनी कापूस दिला आणि त्यांच्या आधी स्वतःच दार उघडून बाहेर गेले.

बायकोने वर बघितलं आणि तिला कळलं. मास्तर मागून गालाला हात लावून, कोणाकडेही न बघता पायऱ्या उतरून गेले. डॉक्टरांनी फळीपाशी जाऊन स्पीकरचं बटण दाबलं. दिवा लागला. फोनवर त्यांनी अज्ञात गायकाचं तेच पहिलं गाणं सुरुवातीपासून लावलं आणि शिंप्याच्या शेजारच्या रिकाम्या खुर्चीत, पेशंटसारखे, स्पीकरकडे तोंड करून बसले. कोणी हललं नाही. हलायची छाती नव्हती.

स्पीकरांनी काहीही लपवलं नाही. आवाज तसा वाईट नव्हता, जाड होता, थोडा कापरा. पण पहिल्याच ओळीला डॉक्टरांना ऐकू आलं की वाद्यं एका पट्टीत चालली आहेत आणि गाणारा दुसरीकडेच निघाला आहे. कुठे निघाला आहे, हेही त्यांनी लगेच ओळखलं. तो कॉम्प्रेसरकडे चालला होता. इतकी वर्षं ज्या सुरात गात आले, तोच सूर त्यांच्या गळ्यात जाऊन बसला होता, आणि साथीची वाद्यं कितीही ओढोत, गळा दर ओळीच्या शेवटी त्या कोपऱ्यातल्या यंत्रावर जाऊन टेकत होता. रेकॉर्ड केलेलं गाणं त्यांनी फोनवर ऐकलं ते नेहमी आतल्या खोलीत, यंत्राच्या घरघरीतच, आणि तिथे ते जुळलेलं वाटायचं. आज ती नव्हती. दुसऱ्या कडव्यात तर इतकं बेसूर झालं की शिंप्याने हळूच कानामागे खाजवलं. त्याला सूर कळत होता म्हणून नव्हे, त्याला ते सोसवेना म्हणून.

डॉक्टरांना फार वाईट वाटलं. लोक खोटं बोलले याचं कमी, आणि वडील सूर न ऐकताच खरं बोलून गेले होते याचं जास्त. तरी त्यांनी गाणं मधेच बंद केलं नाही, शेवटपर्यंत ऐकलं. साठ्यातलं एखादं गाणं ते इतक्या लक्ष देऊन पुरं ऐकतात, असं बायकोने त्या दिवशी पहिल्यांदा बघितलं.

गाणं संपलं. कोणीतरी घसा खाकरला. दाद द्यायची की नाही हे कोणालाच ठरवता येईना. डॉक्टर उठले, दाराशी गेले आणि पुढचा कोण म्हणाले.

पुढचा कोणी नव्हता. कॅशियरबाईंची दाढ एकाएकी थांबली होती. टपाल वाटणाऱ्याला टपाल आठवलं. शिंपी म्हणाला की कवळी तशी बरी बसते, उगाच आलो. आज या माणसाचा हात किती जड असेल याचा हिशेब प्रत्येकाने मनातल्या मनात केला होता. बघता बघता वेटिंग रूम रिकामी झाली. शेवटचा माणूस जाताना दार हळूच लावून गेला.

"तू ऐकलं होतंस?" डॉक्टरांनी बायकोला विचारलं.

"पहिल्या दिवशी ऐकलं. पूर्ण."

"मग मला सांगायचंस."

"सांगणारच होते. तेवढ्यात त्या बाई किंचाळल्या." तिने सुयांचं खोकं बंद केलं. "म्हटलं, लोकांची निदान दाढ तरी नीट निघू दे. पण खोटं बोलायला सांगायचं आणि वर ऐकायलाही लावायचं, हे काही मला जमेना. म्हणून बटण दाबत गेले. हॉलपर्यंत जाईल असं वाटलं नव्हतं हो. चुकलंच माझं."

डॉक्टर आत जाऊन हात धुवायला लागले. दवाखाना नेहमीपेक्षा लवकर बंद करावा लागणार, आणि उद्याही कोणी येईल की नाही, असे विचार त्यांच्या मनात चालले होते. तरुण डॉक्टर येणारच आहे, येऊ दे त्याला, म्हणजे हे सगळं बघायला नको. मागे खुर्चीचा आवाज झाला म्हणून त्यांनी वळून बघितलं. बायको पेशंटच्या खुर्चीत बसली होती. चष्मा काढून तिने मांडीवर ठेवला होता.

वरची, उजवीकडची, शेवटून दुसरी, असं तिने सांगितलं. वर्षभर लवंगेवर भागवत होते. दिव्याखाली अंधार म्हणतात तो असा. दातांच्या डॉक्टरच्या बायकोची दाढ मुळापर्यंत किडलेली होती, आणि ती गावाला हात हलका राहायचा उपाय सांगत आली होती. स्वतः मात्र त्या खुर्चीत बसायला ती घाबरत होती.

डॉक्टरांनी दिवा ओढून तोंडावर आणला. दाढ बघितली. वाईट अवस्था होती, मुळं पसरलेली.

"आधी काही म्हणायचं नाही?" त्यांनी विचारलं. आवाजात थोडा खवचटपणा होता, थोडी भीती.

"काही नाही," बायको म्हणाली. "काढा."

त्यांनी भूल दिली, पण ते गायले नाहीत. कॉम्प्रेसर नव्हता, बाहेर गाणं नव्हतं, खोलीत फक्त चिमट्याचा आवाज आणि दोघांचा श्वास. दाढ हट्टी निघाली, अर्ध्यात तुटली, मूळ वेगळं काढावं लागलं. डॉक्टरांच्या कपाळावर घाम आला. काम झाल्यावर त्यांनी कापूस ठेवला, तिला तोंड मिटायला सांगितलं आणि स्टुलावर बसले.

"दुखलं?"

बायकोने होकारार्थी मान हलवली.

"किती?"

तिने अंगठा आणि बोट जवळ आणून एवढंसं अंतर दाखवलं. मग थोडा विचार करून ते अंतर किंचित वाढवलं. डॉक्टर त्या दोन बोटांकडे बघत राहिले. वर्षभर त्यांना इतकी दाद मिळाली होती, पण इतकं मोजून-मापून कोणी काही सांगितलं नव्हतं. त्यांना हसू आलं आणि डोळेही भरून आले. मग त्यांनी फोन घेतला, आधी तरुण डॉक्टरला लावला, खुर्ची देता येणार नाही म्हणून, आणि नंतर हॉलवाल्याला.